रुग्णासाठीं इतरांनीं टोंचून घ्यावयाची लस



आजाऱ्याच्या समाचारास जाणें हा कोंकणांतील गृहस्थधर्माचा एक जुना नियम आहे. पेण असो कीं रोहें असो, एखाद्या घरीं कोणी अंथरुणास खिळला आहे असें कळलें, कीं आळींतील माणसें सायंकाळीं वाट वांकडी करून त्या घरीं जातात, दोन शहाळीं ठेवतात, मुलांनाही बरोबर नेतात, आणि घटकाभर बसून धीराचे चार शब्द बोलून परततात. ह्या रीतीनें आजवर कित्येक घरांना आधार दिला आहे. तिची थट्टा करणें कोणासही शोभणार नाहीं. परंतु एक आजार असा आहे, कीं ज्यांत हीच रीत अजाणतां पाळली गेली तर ती रुग्णाच्या जिवावर बेतूं शकते. तो आजार म्हणजे रक्ताचा कर्करोग. ह्या रुग्णांना विषाणूंपासून जो धोका असतो तो कोणत्या प्रकारचा, आणि तो टाळण्याचें काम रुग्णापेक्षां त्याच्या भोंवतालच्या माणसांकडेच अधिक कां येतें, ह्याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

हा विषय पेण-रोह्याकडील श्रोत्यांना दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ह्या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें परलोकवासी झाल्या. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ सालीं ह्या रोगाच्या संशोधनासाठीं एक विश्वस्तनिधि स्थापन झाला, आणि पुढें टाटांच्याच दानांतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें गेलें. त्याच संस्थेची दुसरी मोठी शाखा आज खारघर येथें, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यांतच, आहे. तिला ॲक्ट्रेक ह्या संक्षिप्त नांवानें ओळखतात. रोह्याहून पेणवरून पनवेलकडे जाणाऱ्या आगगाडीनें किंवा एस. टी.नें तेथवर जाऊन उपचार घ्यावा आणि पुन्हां घरीं परतावें, हें आतां शक्य झालें आहे.

ह्या सोयीचा एक परिणाम मात्र ध्यानांत घेतला पाहिजे. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार महिनोन्महिने, आणि लहान मुलांच्या एका प्रकारच्या तीव्र ल्युकेमियांत तर दोन ते तीन वर्षें चालतो. इतका काळ कोणी रुग्णालयांत राहत नाहीं. म्हणजेच ज्या दिवसांत रुग्णाची प्रतिकारशक्ति खालावलेली असते, त्यांतील पुष्कळ दिवस तो रुग्णालयाच्या भिंतींआड नसून घराच्या माजघरांत असतो. तेथें पहारा ठेवावयाचा तो घरच्या व शेजारच्या माणसांनींच.

आतां हा पहारा कां लागतो तें पाहूं. रक्ताचा कर्करोग हें एका रोगाचें नांव नसून एका कुळाचें नांव आहे. अस्थिमज्जेंत, म्हणजे हाडांच्या पोकळींतील ज्या मऊ भागांत रक्त तयार होतें तेथें, उद्भवणारा ल्युकेमिया. शरीरांतील रसग्रंथींच्या गांठींतून वाढणारा लिम्फोमा. आणि प्रतिद्रव्यें निर्माण करणाऱ्या पेशींचा मायलोमा, हे ह्या कुळांतील तीन प्रमुख होत. निरोगी माणसाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी हे शरीराचे रक्षक. त्यांतील कांहीं जीवाणूंचा समाचार घेतात; लिम्फोसाइट नांवाच्या पेशी विषाणूंना ओळखतात, विषाणूंनीं ग्रासलेल्या पेशी नष्ट करतात, आणि एकदां होऊन गेलेल्या रोगाची आठवणही जतन करतात. रक्ताच्या कर्करोगांत बिघाड होतो तो नेमका ह्या रक्षकांच्या घराण्यांतच.

पुष्कळांना एक शंका येते. ल्युकेमियांत पांढऱ्या पेशी वाढतात असें ऐकिवांत असतें. मग संरक्षण वाढावयास नको काय? ह्याचें उत्तर असें, कीं वाढलेल्या त्या पेशी कामाच्या नसतात. चोरांनींच शिपायांचा गणवेश चढवून चौकींत ठाण मांडावें आणि खऱ्या शिपायांना उभें राहण्यासही जागा उरूं नये, तसा तो प्रकार असतो. त्यांत उपचाराची भर पडते. कर्करोगाच्या पेशींना मारणारें औषध खऱ्या शिपायांनाही पुष्कळ अंशीं मारतें. अशा रीतीनें रोग आणि औषध ह्या दोहोंच्या कात्रींत शरीराची तटबंदी कांहीं काळ ढांसळलेली असते. रुग्ण उठून बसतो, हंसतो, जेवतो. बाहेरून पाहणाऱ्यास ही ढांसळलेली तटबंदी दिसत नाहीं, आणि फसगत होते ती येथेंच.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट मोठी किंमत देऊन कळली. १९४८ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें डॉ. सिडनी फार्बर ह्यांनीं ॲमिनॉप्टेरिन नांवाचें औषध दिलेल्या १६ ल्युकेमियाग्रस्त मुलांपैकीं १० मुलांच्या प्रकृतींत उतार पडल्याचें प्रसिद्ध केलें. तो उतार तात्पुरता होता, तरी त्यापूर्वीं ह्या रोगापुढें वैद्य सर्वस्वी हतबल असत. तें औषध ज्यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनीं तयार केलें, ते येल्लाप्रगड सुब्बाराव आजच्या आंध्र प्रदेशांतील भीमवरम् येथें जन्मलेले होते. पुढें औषधें वाढलीं आणि मुलें अधिक काळ जगूं लागलीं. परंतु त्याबरोबर एक विलक्षण अनुभव येऊं लागला. कर्करोग आटोक्यांत आहे, मूल हिंडूं-फिरूं लागलें आहे, आणि अशा वेळीं त्याला कांजिण्यांसारखा सामान्य समजला जाणारा आजार गांठतो. १९७५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, कर्करोगाचें औषध चालू असतां कांजिण्या निघालेल्या मुलांपैकीं शेकडा सुमारें ३२ मुलांच्या फुप्फुसादि आंतल्या अवयवांत रोग पसरला होता, आणि शेकडा ७ मुलें दगावलीं होतीं. ज्या आजारांत इतर मुलें आठवडाभर अंग खाजवून पुन्हां खेळावयास जातात, त्याच आजाराची ही गत!

ह्या कोड्याच्या दोन्ही टोंकांना एकाच विदुषीचा हात लागला, हा योगायोग सांगण्यासारखा आहे. गर्ट्रूड एलियन ह्यांनीं जॉर्ज हिचिंग्ज ह्यांच्यासह मर्कॅप्टोप्युरिन हें ल्युकेमियावरील औषध सिद्ध केलें. १९५३ सालीं मान्य झालेलें तें औषध आजही मुलांना दिलें जातें. त्यांच्याच प्रयोगशाळेंतून पुढें कांजिण्या, नागीण व तत्सम विषाणूंवरील ॲसायक्लोव्हिर हें औषध निघालें व १९८२ सालीं रुग्णांच्या हातीं आलें. एकानें कर्करोग दबतो, दुसऱ्यानें त्या काळांत शिरणारा विषाणु. १९८८ सालीं एलियन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्या रुग्णांना छळणाऱ्या विषाणूंचे दोन वर्ग पडतात: बाहेरून येणारे आणि घरांतच दडून बसलेले.

बाहेरून येणाऱ्यांत गोवर, कांजिण्या, इन्फ्लुएन्झा आणि कोव्हिड हे मुख्य. गोवराचा विषाणु रोगी खोलींतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेंत राहूं शकतो. दुर्बळ झालेल्या रुग्णाच्या अंगावर कधीं कधीं गोवराचें पुरळ उठतच नाहीं, आणि एकदम फुप्फुसाचा दाहच समोर येतो. गोवर आतां इतिहासजमा झाला अशी समजूत असेल, तर २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवंडी भागांत उसळलेली सांथ आठवावी. मुंबईची सांथ आणि पेण-रोहें ह्यांमध्यें अंतर तें कितीसें? कोव्हिडचा अनुभव तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. २०२० सालीं निरनिराळ्या देशांतील माहिती एकत्र केली असतां, रक्ताचा कर्करोग असलेल्या व कोव्हिड झालेल्या प्रौढांत शेकडा सुमारें ३४ मृत्यु आढळले. त्यांतील बहुतेक रुग्णालयांत दाखल झालेले होते. शिवाय अशा कांहीं रुग्णांच्या शरीरांत तो विषाणु दोन आठवड्यांत न जातां महिनोन्महिने तग धरून राहतो, असेंही दिसून आलें.

दुसरा वर्ग अधिक कपटी. लहानपणीं कांजिण्या होऊन गेल्या म्हणजे त्यांचा विषाणु शरीरांतून निघून जातो अशी आपली समजूत असते; वस्तुतः तो मज्जातंतूंच्या मुळाशीं निद्रिस्त पडलेला असतो. पहारा ढिला झाला कीं तोच नागीण होऊन बाहेर येतो. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणुही असाच. ज्याला आपणांस कधीं कावीळ झाल्याचें स्मरतही नाहीं अशाच्या यकृतांत तो लपलेला असूं शकतो. आणि लिम्फोमावर दिल्या जाणाऱ्या रितुक्सिमॅबसारख्या औषधानंतर तो जागा होऊन यकृताचा घात करूं शकतो. म्हणून उपचारापूर्वीं रक्ताची तपासणी करून 'ब' काविळीची खूण शोधतात, आणि ती सांपडल्यास विषाणूला दाबून ठेवणारें औषध आधींच सुरू करतात. कर्करोगाच्या तपासण्यांत ही आणखी एक कशाला, असें म्हणून कोणी ती टाळूं नये. अस्थिमज्जेचें रोपण झालेल्या रुग्णांत सायटोमेगॅलो नांवाचा विषाणु असाच डोकें वर काढतो. त्यावर डॉक्टर रक्ततपासणीनें नजर ठेवून असतात.

आंतल्या शत्रूचा बंदोबस्त डॉक्टरांकडे आहे. बाहेरच्या शत्रूचा पुष्कळसा बंदोबस्त मात्र घराकडे आणि आळीकडे आहे. तो कसा करावयाचा?

पहिली गोष्ट लसीची. साहजिकच वाटतें कीं ज्याला धोका अधिक त्यालाच लस टोंचावी. पण येथें अडचण आहे. गोवर व कांजिण्या ह्यांच्या लसी जिवंत, परंतु दुर्बळ केलेल्या विषाणूंच्या असतात. निरोगी शरीर त्यांना सहज आंवरतें. ज्याची तटबंदी ढांसळली आहे त्याला मात्र तो दुर्बळ विषाणुही भारी होऊं शकतो. म्हणून उपचार चालू असतां व त्यानंतरही कांहीं काळ अशा लसी रुग्णाला देत नाहींत. इन्फ्लुएन्झाची निर्जीव विषाणूंची लस देतां येते. पण रुग्णाचें शरीर तिला पुरेसा प्रतिसाद देईलच असा भरंवसा नसतो. मग उपाय उरतो तो हा, कीं त्याच्या भोंवतालच्या प्रत्येकानें लस घेऊन आपल्या देहाचीच भिंत त्याच्याभोंवतीं उभी करावी. घरांतील मुलांच्या गोवराच्या दोन्ही मात्रा पूर्ण झाल्या आहेत ना हें पाहावें. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहींत व लसही मिळालेली नाहीं, त्यांनीं डॉक्टरांस विचारून ती घ्यावी. मोठ्या माणसांनीं दरवर्षीं इन्फ्लुएन्झाची लस घ्यावी. सुई टोंचली जाते आत्याच्या दंडाला आणि संरक्षण मिळतें भाच्याला! ह्या परोपकाराला खर्च थोडा आणि कष्ट त्याहून थोडे.

ह्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पोलिओचे जे थेंब तोंडावाटे देतात, त्यांतील जिवंत विषाणु मुलाच्या विष्ठेवाटे कांहीं आठवडे बाहेर पडतो. म्हणून घरांत असा रुग्ण असेल तर त्याच्या लहान भावंडांना थेंबांऐवजीं सुईनें दिली जाणारी निर्जीव लस द्यावी. थेंब देणाऱ्या आरोग्यसेविकेला ही गोष्ट घरच्यांनीं आपण होऊन सांगितली पाहिजे. ती विचारील म्हणून थांबूं नये. भारत २०१४ सालीं पोलिओमुक्त ठरला तो लसीच्याच बळावर, आणि पोलिओ काय करूं शकतो ह्याची आठवण ह्याच क्षेत्रांतील एका थोर पुरुषाचें जीवन करून देतें. टाटा रुग्णालयांत १९८३ सालीं एका लहान मुलीच्या शरीरांत तिच्या भावाची अस्थिमज्जा घालून भारतांत ह्या उपचाराचा पाया घालणारे डॉ. सुरेश अडवाणी ह्यांना बालपणींच पोलिओनें गांठलें होतें. चाकांच्या खुर्चींतून त्यांनीं हजारों रुग्णांची सेवा केली.

दुसरी गोष्ट संसर्गाची वार्ता वेळेवर पोंचविण्याची. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधींपासूनच कांजिण्यांचा रोगी दुसऱ्यांना रोग देऊं लागतो. शाळेंत एखाद्या मुलाला कांजिण्या निघाल्या आणि त्याच वर्गांत ल्युकेमियाचा उपचार घेणारें मूल असेल, तर ती वार्ता त्याच दिवशीं त्या मुलाच्या घरीं गेली पाहिजे. कारण अशा मुलाला तयार प्रतिद्रव्यांचें इंजेक्शन देतां येतें, पण तें शक्य तितक्या लौकर, चार दिवसांच्या आंत दिलें तर उत्तम. वर्गशिक्षकानें पाठविलेली एक चिठ्ठी वा केलेला एक दूरध्वनि येथें औषधाच्या तोडीचा ठरतो.

तिसरी गोष्ट तापाची. सामान्य घरांत ताप आला कीं एक गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहण्याची पद्धत आहे. ह्या रुग्णाच्या बाबतींत ती सर्वथा वर्ज्य समजावी. उष्णतामापकाचा पारा १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उपचार करणाऱ्या रुग्णालयाशीं संपर्क साधावा. ताप विषाणूचा आहे कीं जीवाणूचा, हें घरीं बसून कोणासही सांगतां येणार नाहीं. आणि जीवाणूचा असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो. इन्फ्लुएन्झावरील औषधही पहिल्या ४८ तासांत अधिक गुणकारी. परवानगीवांचून तापाची गोळी देणें म्हणजे धोक्याची घंटा वाजूं लागतांच तिचा लोलक काढून घेणें होय.

पावसाळ्यांत डेंग्यूचाही विसर पडूं नये. हा विषाणु रक्तांतील प्लेटलेट कमी करतो. आणि ज्या रुग्णांत रोगामुळें व औषधांमुळें त्या आधींच उणावलेल्या आहेत, त्यांत रक्तस्रावाचें भय दुणावतें. ज्या डांसांमुळें डेंग्यू पसरतो ते साठविलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतात. तेव्हां अंगणांतील पिंपें झांकणें, करवंट्या व कुंड्यांखालच्या बशा कोरड्या करणें, हें कामही शुश्रूषेचाच भाग मानावें.

राहिला प्रश्न सणावारांचा. गणपतीच्या दिवसांत पेणच्या कारखान्यांतून मूर्ति गांवोगांव जातात, मुंबईचे चाकरमानी कोंकणांत उतरतात, एकेका घरांत वीस-पंचवीस माणसें जमतात. दसऱ्याच्या सुमारास रोह्यांत धावीर महाराजांच्या पालखीला गर्दी लोटते. घरीं रुग्ण असेल तर सण बंद करावा असें कोणी म्हणत नाहीं. पण ज्याला सर्दी, खोकला, ताप वा अंगावर पुरळ असेल त्यानें त्या घरीं जाऊं नये. गेलेल्यांनीं हात साबणानें धुवावेत, मुखपट्टी बांधावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि थोडक्यांत बसून उठावें. ऐन गर्दींत रुग्णानें बसूं नये. सकाळच्या शांत वेळीं त्याला दर्शन घडवावें. 'आम्हांला येऊं दिलें नाहीं' असा राग धरणाऱ्या नातेवाइकांनीं एवढेंच लक्षांत घ्यावें, कीं ह्या घरचें बंद दार हें तुटकपणाचें नसून उपचाराचें दार आहे.

परंतु ह्या सावधगिरीचें रूपांतर बहिष्कारांत होऊं देतां कामा नये. रक्ताचा कर्करोग संसर्गजन्य नाहीं. रुग्णाच्या ताटांत जेवल्यानें, त्याच्या अंथरुणास हात लावल्यानें किंवा त्याच्याशीं बोलल्यानें तो कोणासही होत नाहीं. भीति आहे ती त्याच्यापासून आपणांस नव्हे, तर आपणांपासून त्याला. हा भेद न समजल्यामुळें कांहीं घरांत रुग्णाचीं भांडीं निराळीं ठेवतात, मुलांना त्याच्याकडे फिरकूं देत नाहींत, आणि शुश्रूषेच्या नांवाखालीं त्याला जिवंतपणींच एकटें पाडतात. निरोगी, लस घेतलेलें, हात धुतलेलें माणूस त्याच्याजवळ खुशाल बसावें. पत्ते खेळावे, पुस्तक वाचून दाखवावें.

विषाणु हा सर्वथा वैरीच आहे असेंही आतां म्हणतां येत नाहीं. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा रुग्णालय ह्यांच्या सहकार्यांतून नेक्सकार-१९ नांवाची उपचारपद्धति सिद्ध झाली, व ऑक्टोबर २०२३ मध्यें तिला भारतांत मान्यता मिळाली. तींत रुग्णाच्याच संरक्षक पेशी बाहेर काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यांत नवा संदेश पोंचवितात, आणि कर्करोग ओळखावयास शिकवून त्या परत रुग्णास देतात. मात्र अशा उपचारानंतरही प्रतिद्रव्यें निर्माण करणाऱ्या पेशी दीर्घकाळ उणावलेल्या राहतात. म्हणजे औषध कितीही नवें निघालें तरी घरच्या पहाऱ्याची गरज संपत नाहीं.

तेव्हां समाचाराची जुनी रीत सोडावयाची नाहीं. तिचा क्रम तेवढा बदलावयाचा आहे. आधीं आपली लस, मग दूरध्वनीवरून चौकशी, आणि सर्व ठीक असेल तर मग भेट. ज्या दिवशीं नाकांतून पाणी वाहत असेल त्या दिवशीं शहाळीं ओट्यावर ठेवून परतावें. आंतल्या खोलींत ज्याची लढाई चालू आहे, त्याला तेवढी भेटही पोंचते.